घरकुल : गच्चीचाही नेम असावा

मागील अंकात या सदरातून वर्षाच्या धान्यसाठवणीविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी एका भगिनीचे पत्र वेगळ्याच विषयाचे होते. त्या लिहितात, ‘तीन वर्षांपूर्वी गच्चीवर उष्णतारोधक पांढरा लेप देऊन घेतला. पहिला उन्हाळा सुखाचा गेला. दुसऱ्या वर्षी फरक कमी जाणवला. यंदा वरची खोली पूर्वीइतकीच तापू लागली आहे. आमचे पैसे वाया गेले का?’

पत्र वाचून मला माझेच घर आठवले. या भगिनीला जे उत्तर द्यायचे ते आम्हाला फार महागात शिकावे लागले होते. म्हणून आधी ती हकीकत सांगते, मग उत्तर.

आमचे घर सोलापुरातले. जुने माळवदाचे घर उतरवून त्या जागी सिमेंटचे दुमजली घर बांधले, त्याला आता बरीच वर्षे झाली. वरच्या मजल्यावरील पूर्वेची खोली सासूबाईंची. पहाटेचा प्रकाश त्या खोलीत सर्वांत आधी येतो, खिडकीतून मंदिराचे शिखर दिसते आणि वाचनात, जपात कोणाच्या येण्याजाण्याचा व्यत्यय नसतो. म्हणून ती खोली त्यांना प्रिय. गुडघे दुखत असले तरी जिना चढून जाणे त्यांनी सोडले नाही. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, हा त्यांचा तरुणपणापासूनचा नेम.

चार वर्षांपूर्वीच्या वैशाखातली गोष्ट. एके दिवशी सकाळी त्या नेहमीच्या वेळी खाली आल्या नाहीत. मी वर गेले, तर त्या पलंगावर बसलेल्या होत्या. परंतु बोलण्यात संगती नव्हती. मला त्या आपल्या दिवंगत नणंदेच्या नावाने हाक मारीत होत्या. अंग तापलेले, जीभ कोरडी पडलेली. डॉक्टर वेळेवर मिळाले, शिरेतून पाणी दिले गेले, दोन दिवसांत त्या सावरल्या. डॉक्टरांनी औषधांआधी एकच प्रश्न विचारला : ‘रात्री त्या झोपतात कुठे?’

आम्ही दुपारच्या उन्हाची काळजी घेत होतो. दुपारी त्यांना खाली बसवत होतो. पण सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री उशिरापर्यंत ते ऊन खालच्या खोलीत सोडत राहतो, हे आमच्या ध्यानातच आले नव्हते. बाहेरची हवा रात्री दहाला निवलेली असते, तेव्हाही छताला हात लावला तर तो कोमट नव्हे, चांगलाच उष्ण लागतो. वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते, हे आपण जाणतो. त्यात जी व्यक्ती संध्याकाळपासून सकाळपर्यंत पाणी घेत नाही, तिच्या डोक्यावरचे छप्पर रात्रभर तापलेले असणे ही साधी गैरसोय राहत नाही. तो जिवाशी खेळ होतो.

त्यानंतर सासूबाईंचा पलंग खालच्या माजघरात आला. त्यांनी तक्रार केली नाही. परंतु माजघरात दूरदर्शन संच, मुलांचा अभ्यास, पाहुण्यांची वर्दळ. त्या भिंतीकडे तोंड करून माळ ओढीत बसत. खोली गेली म्हणजे त्यांचे स्वतःचे असे जे थोडे जग उरले होते, तेच गेले, हे आम्हा सर्वांना दिसत होते.

आणि आमच्या गच्चीवर उष्णतारोधक लेप होता! दोनच वर्षांपूर्वी चांगला खर्च करून तो दिलेला होता. लेप देणाऱ्यांनी हमीचा कागद दिला होता आणि तो आम्ही कपाटात जपून ठेवला होता. तो बाहेर काढून पाहिला, तेव्हा मागच्या बाजूस बारीक अक्षरांत एक सूचना आढळली : पृष्ठभाग वर्षातून एकदा पाण्याने स्वच्छ धुवावा. कागद आम्ही जपला होता. वाचला मात्र नव्हता.

मग जुन्या ओळखीतल्या एका वृद्ध गवंड्याला बोलावले. आमचे माळवद होते तेव्हा त्याची डागडुजी करण्यास त्यांचे वडील येत असत. मिस्त्री गच्चीवर आले, त्यांनी एक बादली पाणी आणि फडके मागितले. गच्चीचा हातभर तुकडा त्यांनी ओल्या फडक्याने पुसला. करड्या-तांबूस गच्चीच्या मधोमध दुधासारखा पांढरा चौकोन उमटला. मला म्हणाले, ‘वहिनी, रंग कुठं गेला नाही. त्याच्यावर धुळीची गोधडी बसलीय. पांढरं धोतर वर्षभर धुतलंच नाही, तर ते पांढरं दिसंल का?’

नंतर त्यांनी हातोडीच्या लाकडी दांड्याने गच्ची ठोकत ठोकत सगळीकडून फेरी मारली. ज्या कोपऱ्यात दूरदर्शनच्या तबकडीचा लोखंडी पाया बोल्ट मारून बसवला होता, तेथे आवाज बदलला. पोकळ, बद्द असा आला. बोल्टच्या भोवती केसाएवढी चीर होती. ‘इथून तीन पावसाळे पाणी आत गेलंय. खालचा कोबा भिजून बसलाय. हा कोपरा आता ऊन अडवत नाही, आत पोचवतोय.’

मिस्त्रींनी दोन वाक्यांत सांगितलेले हे गच्चीचे शास्त्रच आहे. थोडे विस्ताराने पाहू.

छप्पर उष्णता दोन प्रकारांनी अडवते. पहिला प्रकार, आलेले ऊन परत फिरवणे. चुन्याची पांढरी सफेदी, पांढरा लेप, चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरसबंदी ही कामे या प्रकारची. ताजा, चांगल्या प्रतीचा पांढरा लेप उन्हाचा सुमारे ऐंशी टक्के भाग परतवून लावतो. उलट, उघडा सिमेंटचा पृष्ठभाग बहुतेक ऊन पोटात घेतो. वैशाखातल्या दुपारी त्याचे तापमान साठ अंशांच्या घरात जाऊ शकते. परंतु परतवण्याचे हे काम केवळ वरच्या पातळ पापुद्र्याचे असते. त्यावर धूळ, धूर, कबुतरांची विष्ठा, वाळलेले शेवाळ यांचा थर बसला की ऊन लेपापर्यंत पोहोचतच नाही. ते धुळीतच मुरते. ही घट पहिल्या एक-दोन वर्षांतच सर्वांत अधिक होते. सुदैवाने लेप शाबूत असेल तर धुण्याने गेलेल्या गुणाचा मोठा भाग परत येतो.

दुसरा प्रकार, आत शिरलेल्या उष्णतेचा वेग मंदावणे. स्लॅबवरील विटांच्या तुकड्यांचा कोबा, छताखाली बसवलेले फोमचे तक्ते, काचतंतूंची गादी ही या प्रकारची साधने. यांची खरी शक्ती त्यांच्या पदार्थात फारशी नसते. त्यांच्या पोटात अडकून पडलेल्या हवेत असते. स्थिर हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक आहे. पाणी मात्र हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून त्या सूक्ष्म पोकळ्यांतील हवेची जागा पाण्याने घेतली की तोच कोबा, तीच गादी निकामी होते. बाहेरून काहीच बदललेले दिसत नाही. जाडी तीच, रंग तोच. काम मात्र थांबलेले असते. पावसाळ्यात ‘थोडीशी ओल’ म्हणून आपण ज्याकडे दुर्लक्ष करतो, तीच ओल उन्हाळ्यात उकाडा होऊन उतरते. गळतीचा आणि उकाड्याचा असा सख्खा संबंध आहे.

तेव्हा पत्रलेखिका भगिनीला माझे पहिले उत्तर हे : पैसे वाया गेले नसावेत. लेप दिला, पण त्याची निगा राहिली नाही. स्वच्छता आणि कोरडेपणा या दोन गोष्टी सांभाळल्या तर साधे, स्वस्त आवरणही वर्षानुवर्षे उपयोगी पडते. त्या न सांभाळल्यास महागडे आवरणही दोन उन्हाळ्यांत थकते.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते, असे म्हणताना मला अतिशयोक्ती वाटत नाही. सोलापूर, मराठवाडा, नगर या पट्ट्यातील माळवदे आणि खानदेश-विदर्भातील धाब्याची घरे आठवून पाहा. तुळयांवर लाकडी फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाला आणि त्यावर वीतभर किंवा त्याहून जाड पांढऱ्या मातीचा थर. भर उन्हात माळवदाखाली शिरले की घशाला पाणी मिळाल्यासारखे वाटे. पण हा गारवा आपोआप टिकत नसे. सासूबाई सांगतात, मृग नक्षत्रापूर्वी त्यांचे सासरे स्वतः माळवदावर चढत. पावसाळ्यात उगवून वाळलेले गवत मुळासकट काढले जाई, भेगा पांढऱ्या मातीने भरून चोपल्या जात, पन्हाळी मोकळ्या केल्या जात. पावसाळ्यात ठिपका पडू लागला की लगेच वर जाऊन तेवढी जागा तुडवून घट्ट केली जाई. माळवदाची निगा हा पेरणीसारखाच वर्षाच्या क्रमातला भाग होता. सिमेंटच्या घरांनी आपल्याला मोठी सोय दिली; तिच्याबरोबर छप्पर ही ‘एकदा करून टाकण्याची’ वस्तू आहे, असा समजही दिला. तो समज खोटा आहे.

मात्र माळवदाच्या घरांनी आणखी एक धडा दिला आहे आणि तो कटू आहे. निगा राखणे म्हणजे थरावर थर चढवणे नव्हे. काही ठिकाणी जुना थर न काढताच वर्षानुवर्षे नवी माती टाकली गेली आणि छपराचे वजन वाढत गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची मातीची जड छपरे कोसळणे हे त्या जीवितहानीचे मोठे कारण होते. हा धडा सिमेंटच्या घरांनाही लागू आहे. गच्ची गळते म्हणून जुन्या कोब्यावर दुसरा कोबा, त्यावर फरशी, असे करणारे अनेक जण मी पाहते. दहा सेंटिमीटर जाडीच्या कोब्याचे वजन दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या जवळपास भरते. शिवाय खालची ओल तशीच कोंडून राहते. जुना सैल, भिजलेला भाग काढून, आतले वाळू देऊन, मगच नवे काम करावे. शंका असल्यास स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घेतल्याशिवाय गच्चीवर एक घमेलेही वाढवू नये.

आता निगेचा प्रत्यक्ष क्रम सांगते. आम्ही तो वर्षातील चार फेऱ्यांत बांधून घेतला आहे.

पहिली फेरी दिवाळीनंतरची. पाऊस संपून हवा कोरडी झालेली असते. प्रथम गच्चीवर न जाता खोल्यांची छते पाहावीत. पिवळसर कडांचे डाग, फुगलेला गिलावा, लोणा लागून पांढरी भुकटी सुटणे ही ओल आत पोहोचल्याची चिन्हे आहेत. त्यांची जागा एका कागदावर खुणावून मग गच्चीवर तीच जागा शोधावी. लाकडी दांड्याने ठोकून पोकळ आवाज येतो का, ते पाहावे. गच्ची आणि कठडा जेथे मिळतात तो गोलसर कोपरा, ज्याला गवंडी ‘वाटा’ म्हणतात, तो बारकाईने पाहावा; बहुतेक चिरा तेथूनच सुरू होतात. नळ, बोल्ट, सौर बंबाचे पाय, वायरी जेथून गच्चीत शिरतात त्या जागाही तपासाव्यात. दुरुस्ती थंडीच्या दिवसांत करावी. तोवर आतली ओल सुकलेली असते आणि सिमेंटच्या कामाला पाणी मारून ते मुरवण्यास हवाही सौम्य असते. ओल्या कोब्यावर लेप कधीही देऊ नये. तो फुगतो, फोड येतात आणि पापुद्रे सुटतात.

दुसरी फेरी होळीच्या सुमाराची. हे गच्चीचे वार्षिक स्नान. आधी कोरडा केर काढावा, मग मऊ झाडूने किंवा नायलॉनच्या ब्रशने, साध्या साबणाच्या पाण्याने धुवावे. तारेचा ब्रश, आम्ल, तीव्र द्रावणे वापरू नयेत. मळाबरोबर लेपही निघून जातो. पाणी जपून वापरावे. आमच्या पाचशे चौरस फुटांच्या गच्चीला आठ-दहा बादल्या पुरतात आणि कपडे धुतलेले शेवटचे पाणी पहिल्या हाताला चालते. धुतल्यावर काही भाग पांढरा होतच नाही, असे दिसले तर तेवढ्या भागावरच लेपाचा नवा हात द्यावा. साऱ्या गच्चीचा खर्च दरवर्षी करण्याचे कारण नाही. ज्यांना महागडा लेप परवडत नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये. गाळलेल्या पातळ चुन्यात थोडा डिंक मिसळून दिलेले दोन हात त्या उन्हाळ्यापुरते उत्तम काम करतात. पावसात चुना धुपतो, म्हणून तो दरवर्षी द्यावा लागतो, इतकाच फरक. पांढऱ्या गच्चीवर काम सकाळी लवकर करावे; उन्हाची तिरीप डोळ्यांना त्रासदायक होते. चुना डोळ्यांत उडू नये, म्हणून चष्मा अवश्य लावावा.

तिसरी फेरी मृगापूर्वीची. पन्हाळी आणि पाणी उतरण्याच्या नळांची तोंडे मोकळी करावीत. चार-पाच बादल्या पाणी उंच बाजूस ओतून ते कोणत्या वाटेने जाते, ते पाहावे. गच्चीचा उतार साधारण शंभर फुटांस एक फूट तरी असावा लागतो. पाणी जेथे थबकते तेथे धूळ साचते, मग शेवाळ धरते, मग भेग पडते. शेवाळ धरल्यावर ते खरवडत बसण्यापेक्षा ते धरूच नये, अशी कोरडी गच्ची ठेवणे हे आपल्या घरांच्या जुन्या रीतीलाही धरून आहे.

चौथी फेरी श्रावणातील उघडिपीची. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी जेथे पाणी उभे आहे, ती जागा खडूने गोल करून ठेवावी. तिची दुरुस्ती दिवाळीनंतरच्या फेरीत होते. असा हा क्रम पुन्हा पहिल्या फेरीला येऊन मिळतो.

या चार फेऱ्यांखेरीज काही रोजच्या सवयी आहेत. गच्चीवर लोखंडी खाटा ओढू नयेत, खलबत्त्याचे घाव घालू नयेत. उन्हाळी वाळवणे सतरंजी अंथरून घालावीत. पाण्याची टाकी भरून वाहू देऊ नये. वातानुकूलन यंत्राचे ठिबकणारे पाणी गच्चीवर न सोडता नळीने पन्हाळीपर्यंत न्यावे. कुंड्या थेट कोब्यावर न ठेवता विटांवर उचलून ठेवाव्यात. आणि सर्वांत महत्त्वाचे, गच्चीत कोणी छिद्र पाडणार असेल तर घरातील जबाबदार माणसाने तेथे उभे राहावे. तबकडी बसवणारा आपले काम करून निघून जातो. त्याने पाडलेले छिद्र मात्र आपल्याकडेच राहते. शक्य असेल तेथे असे पाय वजनदार ठोकळ्यांवर उभे करावेत, छिद्र टाळावे.

ज्यांनी छताखाली फोमचे तक्ते किंवा काचतंतूंची गादी बसवून खोटे छत केले आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. दिवे, पंखे, यंत्रे बसवताना कारागीर तक्ते कापतात आणि फट तशीच ठेवतात. हवेला फट पुरते. घागरीला लहानसे छिद्र असले तरी पाणी राहत नाही, तसेच हे. अशा फटी योग्य भरणाने बुजवून घ्याव्यात. गादी कोठेही चेपली जाऊ देऊ नये. चेपली की तिच्यातील हवा जाते आणि हवेबरोबर तिचा गुणही जातो. काचतंतूंची गादी उघड्या हाताने हाताळू नये. हातमोजे आणि तोंडाला फडके हवे. फोमच्या तक्त्यांलगत वायरीचे जोड उघडे नसावेत, कारण हे तक्ते आगीला लवकर बळी पडतात. आतली पोकळी कोरडी व बंद राहिली तर उंदीर-वाळवीला थारा मिळत नाही आणि पुढे विषारी औषधांचा विचारही करावा लागत नाही.

या सदराच्या काही वाचक भगिनी परदेशी आहेत. त्यांचा प्रश्न उलटा, घरातील ऊब बाहेर जाऊ न देण्याचा. अमेरिका-कॅनडातील घरांच्या पोटमाळ्यावर तंतूंची जाड गादी अंथरलेली असते. पण तिचे शत्रू तेच आहेत. आमची भाची तिकडे असते. तिच्या पोटमाळ्यावर भारतातून नेलेल्या रिकाम्या बॅगा आणि दिवाळीच्या सामानाची खोकी त्या गादीवरच रचलेली होती. जेथे खोकी तेथे गादी चपाती झालेली. शिवाय न्हाणीघरातील वाफ बाहेर टाकणारी नळी सुटून पोटमाळ्यातच वाफ सोडत होती आणि तेवढा भाग ओलसर होता. सामान हलवून, नळी जोडून, तेवढी गादी बदलल्यावर घर पूर्वीसारखे उबदार झाले. ऊन अडवायचे असो वा ऊब राखायची असो, नियम एकच : आवरण कोरडे, सलग आणि न चेपलेले असावे.

आपल्या देशातही आता या विषयाकडे शासनाचे लक्ष गेले आहे. २०१० च्या भीषण उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबाद शहराने २०१३ मध्ये उष्णतेपासून बचावाचा आराखडा तयार केला आणि पुढे वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छपरांचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. केंद्र शासनाच्या २०१८ च्या इको-निवास संहितेत निवासी इमारतींच्या छपरासाठी उष्णतावहनाची मर्यादा घातली आहे : आत-बाहेरच्या तापमानात एक अंशाचा फरक असता दर चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा अधिक उष्णता जाऊ नये. आवरण नसलेल्या साध्या स्लॅबमधून याच्या अडीच-तीनपट उष्णता जाते. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु संहिता छप्पर बांधण्याच्या दिवसापुरती असते. त्यानंतरची वीस-तीस वर्षे छप्पर कोणाच्या भरवशावर असते? घरात राहणाऱ्यांच्याच.

ही जबाबदारी पेलण्यासाठी एक साधी वही पुरते. आम्ही सासूबाईंच्या खोलीत एक तापमापक टांगला आहे. चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत दर रविवारी दुपारी चारला आणि रात्री दहाला त्याचा आकडा वहीत लिहितो. बाहेरचे ऊन सारखे असताना खोलीचा आकडा मागल्या वर्षीपेक्षा वाढलेला दिसला, की गच्ची काहीतरी सांगते आहे असे समजावे. उकाड्याची आठवण माणसाला फसवते. वही फसवत नाही.

आता आमच्या हकीकतीचा शेवट सांगते. त्या वर्षीच्या उरलेल्या उन्हाळ्यात गच्ची धुऊन घेतली. तबकडीचा पाया काढला. पाऊस गेल्यावर मिस्त्रींनी भिजलेला कोपरा फोडला. तेव्हा आतले विटांचे तुकडे हाताला गार आणि ओले लागले. ते काढून, आठवडाभर कोपरा उघडा वाळवून, नवे काम केले. होळीला पुन्हा धुतले आणि जेथे लेप विरला होता तेथे नवा हात दिला. पुढल्या वैशाखात वहीतला रात्री दहाचा आकडा तीन अंशांनी खाली होता. तीन अंश ऐकायला थोडे वाटतात. पण त्या खोलीत झोपणाऱ्याला ते थोडे नसतात. आणि तरीही, ज्या दिवशी पारा अगदी चढतो त्या रात्री आम्ही सासूबाईंना खालीच झोपवतो. छप्पर कितीही चांगले असले तरी वृद्धांच्या बाबतीत परीक्षा पाहायची नसते.

सासूबाई वरच्या खोलीत परत गेल्या, त्या दिवशी त्यांनी आधी खिडकी उघडली, शिखराला हात जोडले आणि मग मला म्हणाल्या, ‘नेम काय माणसांनीच पाळायचा असतो होय? घराचाही एक नेम असतो. तो आपण पाळायचा, मग ते आपला पाळतं.’

पत्रलेखिका भगिनीला आणि सर्व वाचकांना माझे उत्तर याहून वेगळे नाही. येत्या रविवारी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, एक बादली पाणी आणि एक फडके घेऊन गच्चीवर जा. हातभर जागा पुसून पाहा. खाली पांढरे दिसले, तर तुमचे पैसे जागेवर आहेत, असे समजा आणि कामाला लागा.